वजन उतरते, कातडी का लोंबते?

वणीच्या एका शाळेतील विज्ञान शिक्षकांनी आम्हाला पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेतील एका सहकाऱ्यांना पंचेचाळिशीत मधुमेह निघाला. उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२५ किलो. डॉक्टरांनी बजावले, सरांनी मनावर घेतले, आणि पथ्य, औषध व रोजचे चालणे यांच्या जोरावर दोन वर्षांत ते ७५ किलोंवर आले. साखर आटोक्यात आली, गुडघेदुखी थांबली. पण पोट, दंड आणि मांड्या यांची कातडी आता रिकाम्या पोत्यासारखी लोंबते. फळ्यावर लिहायला हात वर केला की दंडाची झोळी हलते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. पत्रातला प्रश्न असा: रबर ताणून सोडले की मूळ आकारात येते, कातडीही स्थितिस्थापक आहे असे आपण शिकवतो, मग ती का येत नाही? पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. सरांच्या मेहुण्यांनाही मधुमेह आहे, आणि भाऊजींची ही अवस्था पाहून त्यांनी वजन उतरवण्याचा बेत रद्द केला आहे.

आम्हाला ही शेवटची ओळ जास्त अस्वस्थ करून गेली. हा प्रश्न काही एकट्या वणीचा नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. जठराचा आकार कमी करणाऱ्या शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत आता रुळल्या आहेत. वसईच्या एका महिलेचे वजन मुंबईतील अशा उपचारांनी ३०० किलोंवरून ८६ किलोंवर आल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांत आले होते. वजन उतरवण्यासाठीची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. म्हणजे भरपूर वजन उतरलेली माणसे यापुढे तालुक्याच्या गावीही दिसू लागतील, आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही येईल.

आधी कातडीची रचना पाहू. सर्वांत वर बाह्यत्वचा, जेमतेम कागदाच्या जाडीची. तिच्या पेशी खालून तयार होतात, वर सरकतात आणि साधारण महिनाभरात गळून पडतात. तिच्याखाली एक ते दोन मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा असते. कातडीची ताकद इथे आहे. आपल्या पायातील चामड्याची चप्पल म्हणजे कमावलेली अंतस्त्वचाच. त्याखाली चरबीचा थर. वजन वाढते तेव्हा चरबीच्या पेशी फुगतात, उतरते तेव्हा त्या रिकाम्या होतात. बहुतेक पेशी मरत नाहीत.

अंतस्त्वचेत दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेन हे दोरासारखे आहे: मजबूत, पण फारसे न ताणले जाणारे. अंतस्त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या कोलॅजेनचा असतो. दुसरे इलॅस्टिन. ते दोन-चार टक्केच असते, पण दुप्पट ताणून सोडले तरी पूर्ववत होते. पायजम्याच्या जुन्या इलॅस्टिकची पट्टी वर्गात नेऊन उसवून दाखवावी. आत रबराचे मोजके धागे असतात आणि त्यांच्याभोवती सुताचे धागे नागमोडी विणलेले असतात. पट्टी ताणली की सुरुवातीला ती सहज वाढते, कारण सूत फक्त सरळ होत असते. सूत पूर्ण सरळ झाले की पट्टी एकदम अडते. सोडल्यावर परत ओढण्याचे काम रबर करते. कातडीतही कोलॅजेन हे सूत आणि इलॅस्टिन हे रबर. कापसाच्या मुलखातील मुलांना हे उदाहरण लगेच पटेल.

कोलॅजेनच्या रेणूचे कोडे सुटण्यात भारताचा मोठा वाटा आहे, आणि हे आमच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते असे आम्हाला नेहमी वाटते. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण टाकून १९५४-५५ मध्ये दाखवून दिले, की कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती वळलेला पीळ आहे. पिळाच्या मध्यभागी इतकी दाटी असते, की प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच बसू शकते. दोर वळताना तीन पदर घेतात तसाच हा प्रकार.

आता वयाची गोष्ट. कातडीतील कोलॅजेन सतत, पण फार सावकाश बदलले जाते. निम्मे बदलायला सुमारे पंधरा वर्षे लागतात असा एक अंदाज आहे. इलॅस्टिनची तऱ्हा निराळी. ते मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणात तयार होते. पुढे आयुष्यभर तीच शिदोरी पुरवायची असते. तुटलेल्या इलॅस्टिनच्या जागी प्रौढपणी नीट जुळणारे नवे तंतू फारसे तयार होत नाहीत.

याचा पडताळा घेण्याचा सोपा प्रयोग आहे. हात टेबलावर सपाट ठेवून तळहाताच्या मागील बाजूची कातडी चिमटीत पाच सेकंद धरा, सोडा, आणि ती सपाट व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. विद्यार्थी, शिक्षक आणि घरातील आजी-आजोबा अशा तीन पिढ्यांची मोजणी करून वय आणि वेळ यांचा आलेख काढावा. मुलांची कातडी मोजायच्या आत सपाट होते. सत्तरीच्या हातावर घडी काही सेकंद तशीच उभी राहते. प्रयोग हाताच्या मागच्या बाजूवरच करावा. वर्गातील एखाद्या जाड मुलाला त्यासाठी पुढे बोलावण्याचा मोह टाळावा.

इथपर्यंत इलॅस्टिकची उपमा चालते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात: वजन वाढले, कातडी ताणली, रबर तुटले, कातडी सैल पडली. हे खोटे नाही. शस्त्रक्रियेत काढलेली अशी कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा काही अभ्यासांत कोलॅजेनचे तंतू बारीक व विस्कटलेले आणि इलॅस्टिनचे तुटलेले आढळले. पण ही अर्धीच गोष्ट आहे. मुख्य कारण वेगळे आहे, आणि ते रबराच्या उदाहरणातून कधीच कळणार नाही.

वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागातल्या जुन्या पिढीतील बायांचे कान आठवा. वर्षानुवर्षे जड दागिने घालून पाळीचे भोक वाढत जाते, पाळी लांबते. दागिना काढून ठेवला तरी पाळी आखडत नाही. आणि नीट पाहिले तर ती लांबूनही फुग्याच्या रबरासारखी पारदर्शक, कागदी झालेली नसते. रबर दुप्पट लांब ताणले तर ते पातळ व्हायलाच हवे, कारण रबर आहे तेवढेच आहे. पाळी फार पातळ न होता लांबली, याचा अर्थ एकच: तिथे नवी कातडी तयार झाली.

कातडी ताणली की तिच्या पेशींना ते कळते. पेशींच्या आवरणात ताण ओळखणारी प्रथिने असतात. अशा 'पिएझो' नावाच्या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ताणाचा निरोप मिळाला की पेशींचे विभाजन वाढते. ब्रुसेल्समधील संशोधकांनी उंदरांच्या कातडीखाली आपोआप फुगणाऱ्या जेलचा गोळा ठेवून हे एकेका पेशीच्या पातळीवर पाहिले आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ताणलेल्या कातडीत मूळ पेशींची संख्या वाढत होती. घर अपुरे पडले म्हणून भिंती ताणत बसण्याऐवजी नवी खोली बांधावी, तसे शरीर वागते.

शल्यचिकित्सकांनी या गुणाचा उपयोग कसा करून घेतला, हे सांगताना थोडे पुण्याकडे वळावे लागेल. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी माणसाची हकिगत छापून आली. कावसजी हा इंग्रजी फौजेबरोबरचा गाडीवान. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो जातीने वीट भाजणारा असल्याचे त्या वृत्तान्तात म्हटले आहे, त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक करून ते कपाळावर पसरून त्या मापाची कातडी सोलली, भुवयांच्या मधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. देठ ठेवल्यामुळे रक्तपुरवठा चालू राहिला आणि कातडी जगली. युरोपने ही पद्धत इथून उचलली. पण कपाळावरची कातडी कितीशी? जिथे ती बरीच लागते, भाजून आखडलेली मान किंवा केस गेलेले डोके, तिथे आणायची कुठून? १९५७ मध्ये न्यूमन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने कान तुटलेल्या एका माणसाच्या कानावरील कातडीखाली रबरी फुगा ठेवला, तो हळूहळू फुगवत नेला आणि वाढलेल्या कातडीने नवा कान झाकला. आज सिलिकोनची पिशवी ठेवून तिच्यात काही आठवडे टप्प्याटप्प्याने सलाइन भरतात. पिशवी काढल्यावर वाढलेली कातडी पुन्हा आखडून पूर्वीएवढी झाली असती, तर ही शस्त्रक्रिया शक्यच झाली नसती. सरांच्या पोटावर चरबीने अनेक वर्षे हेच काम केले.

किती कातडी वाढली असेल? औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर शरीराचे क्षेत्रफळ एका सोप्या सूत्राने काढतात. मॉस्टेलर यांनी ते १९८७ मध्ये सुचवले. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घ्या, गुणाकाराला ३६०० ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. सरांसाठी १२५ किलोंना २.३९ चौरस मीटर येतात आणि ७५ किलोंना १.८५. फरक ०.५४ चौरस मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब टॉवेलाएवढा. दोन मिलिमीटर जाडी धरली तर या टॉवेलाचे वजन एक किलोच्या आसपास भरते. हे सूत्र ढोबळ आहे, आणि यातली काही कातडी खरोखरच आवळली जाते. तरी अंगावर गुंडाळलेला एवढा जास्तीचा कपडा जाणार कुठे, हे मुलांना या आकडेमोडीतून चांगले समजते.

वाढण्याचा निरोप पेशींना मिळतो, मग आखडण्याचा का मिळत नाही? शरीराला जादा ऊतक मोडून टाकता येत नाही असे नाही. बाळंतपणानंतर गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. तिथे संप्रेरके बदलतात, फुगलेले स्नायू आक्रसतात, जादा प्रथिने वितंचकांकडून पचवली जातात. अशी पक्की व्यवस्था आहे. त्याच बाईच्या पोटाची कातडी मात्र महिनोन्महिने सावकाश आवळते, आणि पुष्कळदा पूर्ण आवळतच नाही. कातडी हे शरीराचे कुंपण आहे. ती कमी पडली तर जिवावर बेतते, जास्त झाली तर बिघडत नाही. कदाचित म्हणूनच वाढवण्याची सोय पक्की आणि कमी करण्याची कच्ची राहिली असावी, असा आमचा तर्क आहे.

सगळ्यांची कातडी सारखी लोंबत नाही. विशीतल्या माणसाची बरीच आवळते, पन्नाशीतल्याची कमी. किती किलो उतरले याइतकेच ते किती वर्षे अंगावर होते हेही मोजावे लागते. आनुवंशिकता आहेच. धूम्रपानाने कोलॅजेन आणि इलॅस्टिन या दोहोंची हानी होते. उन्हाचेही तसेच, पण ते चेहरा, मान, हात यांच्यापुरते. वणीचे ऊन कितीही कडक असले तरी सदऱ्याआड असलेल्या पोटाबद्दल त्याला दोष देता येत नाही.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर खर्ऱ्याबद्दल दोन ओळी. खर्ऱ्यातील सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तरात नेमके उलटे घडते: कोलॅजेन प्रमाणाबाहेर साठते, अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावे. पुढे यातून कर्करोगही होऊ शकतो. सैल पडलेल्या कातडीपेक्षा ही घट्ट झालेली कातडी कितीतरी भयंकर.

लोंबणारी कातडी ही फक्त लठ्ठ माणसाची गोष्ट नाही. मेळघाटातील आरोग्यसेविकांना ती दुसऱ्याच ठिकाणी पाहावी लागते. तीव्र कुपोषणाने सुकलेल्या बाळाच्या कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर ढगळ चड्डीसारख्या घड्या पडतात. कारण तेच: खालची चरबी संपली. पण या बाळाला पोसले की चरबी परत येते, इलॅस्टिन ताजे असते, आणि घड्या भरून निघतात. इथे एक सावधगिरी शिक्षकांना माहीत असावी. हगवण लागलेल्या बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि घडी दोन सेकंदांहून जास्त टिकली, तर शरीरातले पाणी फार कमी झाले असे समजतात. सुकलेल्या बाळात मात्र पाणी पुरेसे असूनही घडी टिकते. तिथे एकट्या चिमटीवर विसंबू नये, बाळाला दवाखान्यात न्यावे.

आता उपाय. जाहिरातीतील 'कातडी घट्ट करणारी' मलमे बाजूला ठेवावीत. कोलॅजेनच्या रेणूचा भार सुमारे तीन लाख डाल्टन. बाह्यत्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू आत शिरणे अवघड. सुईच्या नेढ्यातून बैल घालावा तसे हे आहे. कोलॅजेनची पूड खाल्ली तर तिचे पचन होऊन अमिनो आम्ले आणि प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, आणि ते सरांच्या पोटाकडेच जातील असा काही नेम नाही. कमरेला आवळायच्या पट्ट्यांनी घाम येतो, एवढेच. व्यायामाने कातडी आखडत नाही, पण दंड आणि मांड्यांतले स्नायू वाढले तर रिकामी जागा थोडी भरते. त्यासाठी जेवणात डाळ, अंडी, दूध पुरेसे हवे. वजन अगदी सावकाश उतरवले तर कातडी लोंबतच नाही, हे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. घाई न करण्याची कारणे दुसरी आहेत: स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

मेहुण्यांना आम्ही वेगळे सांगू. त्यांना पन्नास किलो उतरवायची गरज कदाचित नसेलही. वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तातील साखर सुधारते, आणि एवढ्याने सहसा कातडी लोंबत नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षे न झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांतील ८६ टक्के लोकांची साखर वर्षअखेरीस औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. सैल दंड आणि निकामी मूत्रपिंड यांत निवड करायची असेल तर आम्हाला फार विचार करावा लागणार नाही.

सरांसाठी खरा उपाय एकच, तो म्हणजे जादा कातडी कापून काढणे. तीही घाईने नाही. आवळण्यासारखी जेवढी कातडी आहे ती आवळायला वेळ द्यावा लागतो. वजन निदान सहा महिने ते वर्षभर स्थिर राहिल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करतात. साखर काबूत हवी, नाहीतर जखम भरत नाही. पोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहतो, रक्तस्राव, जखमेत पाणी साचणे, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी असे धोके असतात, खर्चही मोठा. म्हणून नुसत्या दिसण्यासाठी करायची की घडीतले जंतुसंसर्ग आणि जखमा थांबत नाहीत म्हणून करायची, हे प्लास्टिक सर्जनशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. तोपर्यंत घडीखालची जागा कोरडी ठेवावी. आंघोळीनंतर ती टॉवेलाने टिपून घ्यावी, घासू नये. घडीत मऊ सुती कापड ठेवावे आणि ओले झाले की बदलावे. लाल चट्टे, वास किंवा खाज सुरू झाली तर ती बहुधा बुरशी असते. दुकानातून आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम तिथे लावू नये, त्याने बुरशी आणखी फोफावते. वणीच्या मे महिन्यात हे दिवसातून दोनदा तरी करावे लागेल.